बुलेगची काट

आमच्या पेरग्रोलमध्ये पेन्सिल धरायची कशी ते शाळेत शिकवतात, आणि ती कशासाठी असते ते नगरपालिकेच्या निवडणुकीत कळतं. ती नाव काटण्यासाठी असते. लिहिण्याचं काम गावात एकटा नोटरी करतो, आणि त्याचे तो पैसे घेतो.

निवडणूक आली की दोन चिठ्ठ्या छापून येतात. एक वरच्या गावाची, म्हणजे चर्चवाल्यांची. दुसरी खालच्या गावाची, म्हणजे शाळेवाल्यांची. प्रत्येकीवर अकरा नावं. तुम्ही एक चिठ्ठी उचलायची, पडद्याआड जायचं आणि जी नावं डोळ्यांत खुपतात ती काटायची. उरलेल्यांना तुमचं मत. कायद्याला हे चालतं. कायदा करणाऱ्यांनी पेरग्रोल पाहिलेलं नसणार.

तर या दोन्ही चिठ्ठ्यांवर अकरावं नाव नेहमी एकच असायचं. फिरमां बुलेग, छपरं दुरुस्त करणारा. माझा नवरा.

त्याला निवडून आणायची कुणाचीच इच्छा नव्हती. आमच्या माणसाच्या हातात पेन्सिल आली की काहीतरी काटल्याशिवाय त्याला पडद्याबाहेर येववत नाही. त्याने नोटरीला काटू नये, मास्तरला काटू नये, म्हणून तळाला एक बुलेग ठेवून द्यायचा. माणूस बुलेगला काटतो, त्याची खाज भागते, आणि बाकीचे दहा सुखरूप राहतात. हा शोध वरच्यांनी लावला की खालच्यांनी, यावरून अजून भांडण चालू आहे.

काटण्याला आमच्याकडे शब्दच आहे, बुलेगणं. लग्नाला बोलावलं नाही की माणसाला बुलेगलं. मास्तर वहीतली चूक बुलेगतो. पोरीने पोराला नकार दिला की गाव म्हणतं, बिचारा बुलेगला गेला. माझं लग्न ठरलं तेव्हा माझी आई डोळ्यांना रुमाल लावून म्हणाली होती, "फिलोमेन, एवढं गाव पडलंय, आणि तुला क्रियापदाशी लग्न करायचंय?"

हे सगळं आलं कुठून, तर फिरमांच्या आजोबांपासून.

आमच्या गावाला इतिहास भरपूर आहे, पण तो आम्ही भांडणापुरताच वापरतो. राजाचं डोकं उडवलं त्या साली खालच्यांनी चर्चची घंटा तोफ ओतायला म्हणून उतरवली. वरच्यांनी ती पळवली आणि शेणखताच्या ढिगात पुरली. मग कुठल्या ढिगात ते विसरले. घंटाही गेली आणि तोफही गेली, आणि पावणेदोनशे वर्षं एकमेकांना चोर म्हणायची सोय मात्र झाली. चौकात स्वातंत्र्याचं झाड लावलं होतं. राजा परत आला की ते तोडायचे, राजा गेला की नवं लावायचे. शेवटी कंटाळून त्या जागी मुतारी बांधली. ती तेवढी दोन्ही बाजूंना चालते.

मग आले इपोलित बुलेग, फिरमांचे आजोबा. ते नगराध्यक्ष असताना रेल्वेचे इंजिनियर नकाशे घेऊन आले आणि म्हणाले, स्टेशन इथे बांधू. आजोबांनी मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "धुराने गाईंचं दूध नासलं, तर चीज तुम्ही करून देणार का?" सभेत मत घेतलं. अकराच्या अकरा हात वर गेले. पेरग्रोलमध्ये एकमताने झालेली ती पहिली आणि शेवटची गोष्ट. रेल्वे गेली शेजारच्या व्हिलराकला. त्यांना साखरेचा कारखाना मिळाला, दवाखाना मिळाला, सिनेमा मिळाला, लाल दिव्याचं एक घरसुद्धा मिळालं. आम्हाला चीज राहिलं. पुढे गाव त्या अकरा हातांपैकी दहा विसरलं. नोटरीच्या आजोबांचा हात, मास्तरच्या आजोबांचा हात, बेकरीवाल्यांचा हात, सगळे विसरले. एक बुलेगचा तेवढा लक्षात राहिला.

महायुद्धात व्हिलराकच्या स्टेशनवर बाँब पडले. आमच्या गावात छपराची एक दगडी पाटीसुद्धा फुटली नाही. मला वाटलं, आता तरी कुणी आजोबांचं नाव बरं घेईल. कसलं काय! व्हिलराकला सरकारने नुकसानभरपाई दिली, नवी घरं बांधून दिली, घरात न्हाणीघरं. तेव्हा आमचे लोक म्हणाले, "बघा! स्टेशन असतं, तर आपल्यावरही बाँब पडले असते." आणि पुढच्या निवडणुकीत दात-ओठ खाऊन बुलेगला काटलं.

आता मतमोजणीचं सांगते, कारण माझं दुखणं तिथे आहे.

मोजणी नगरपालिकेच्या मोठ्या खोलीत सगळ्यांसमोर होते. मास्तर पुजाद, म्हणजे खालच्या गावाचे पुढारी, लिफाफा फोडून न काटलेली नावं मोठ्याने वाचतात. वरच्यांचे पुढारी नोटरी देलपेश शेजारी बसून, मास्तर खोटं वाचत नाहीत ना, हे चष्म्याच्या वरून बघतात. सगळं गाव बाकांवर. आणि दर निवडणुकीत, कधीतरी मध्येच, फक्त एकदा, मास्तर वाचायचे, "बुलेग!"

की सगळी खोली टाळ्यांनी दणाणायची. "दिलं रे, दिलं! स्वतःला दिलं!" फिरमां मागच्या बाकावर रविवारचा कोट घालून बसलेला असायचा. तो उठून टोपी काढायचा, परत बसायचा. मग बेकरीवाल्याची बायको ऑर्तांस माझ्याकडे वळायची. तिचा आवाज चर्चच्या हरवलेल्या घंटेची उणीव भासू देत नाही.

"काय गं फिलोमेन, या वेळीही हात धजला नाही वाटतं?"

पुन्हा हशा. कारण एकच मत, म्हणजे ते त्याचं स्वतःचं. आणि ते त्याचं, म्हणजे बायकोनेही त्याला काटलं. हिशोब सरळ होता. फक्त चुकीचा होता.

ते मत माझं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या निवडणुकीपासून दर वेळी माझंच. मी काही साध्वी नाही. माझं डुकराच्या मटणाचं दुकान आहे, बापाकडून आलेलं, आणि सॉसेज करणाऱ्या बाईच्या मनात फार गोड विचार येत नाहीत. पण ज्या माणसाबरोबर मी झोपते त्याचं नाव पेन्सिलीने खोडणं मला जमत नाही. तेव्हा त्या पहिल्या मोजणीत मी दोन मतांची वाट बघत बसले होते, एक माझं, एक त्याचं. निघालं एकच.

घरी जाताना मी त्याला धरलं. "फिरमां, तू स्वतःला काटलंस?"

"मतदान गुप्त असतं."

"मी तुझी बायको आहे!"

"बायकोपासूनही गुप्त असतं. कायदाच आहे तसा."

"लोक समजतायत मी काटलं!"

"लोकांना काहीतरी समजू दे," तो म्हणाला आणि आमच्या गोठ्याच्या छपरावरची एक सरकलेली पाटी निरखायला लागला. अडचणीचं बोलणं निघालं की याला वर कुठेतरी सरकलेली पाटी दिसते.

मी ऑर्तांसला सांगून बघितलं, की बाई गं, ते मत माझं. ती पोट धरून हसली. "हो का? मग त्याचं कुठे गेलं? छपरावर विसरला?" पुरुष स्वतःचं नाव काटेल हे आमच्या गावात कुणाला पटणारच नाही. कुमारीला मूल झालेलं पटतं, पण हे नाही.

अशी वर्षं गेली. सगळ्यांचा सॉसेज नेताना माझ्याशी आपलेपणा भारी. "फिलोमेन आपल्यातलीच," असं वरचेही म्हणायचे आणि खालचेही. "नवरा बुलेग असला तरी डोकं ठिकाणावर आहे तिचं." मी सुरी जरा जोरात चालवायचे. मला फक्त एवढंच हवं होतं, की एकदा, मरायच्या आधी एकदा, मास्तरच्या तोंडून "बुलेग" दोनदा निघावं. दोन. म्हणजे सगळ्या खोलीला कळलं असतं की एक त्याचं, तर दुसरं कुणाचं. जास्त नको होती. जास्त मतं घेऊन काय लोणचं घालायचं?

सत्त्याहत्तर साली मार्चमध्ये निवडणूक आली. त्याच्या आदल्याच वर्षी व्हिलराकची पॅसेंजर गाडी बंद झाली होती. आता रेल्वे नसण्यात आम्ही आणि व्हिलराक सारखे झालो. मला भाबडीला वाटलं, आता तरी हे थांबेल. दोन्ही चिठ्ठ्या आल्या. अकरावं नाव बुलेग.

मी फिरमांसमोर सूप आदळलं. "या वेळी स्वतःला काटलंस, तर याद राख."

"सूप छान झालंय."

तेव्हा ठरवलं. हा ऐकत नाही, तर दुसरं मत मी बाहेरून आणीन. एकच तर पाहिजे.

पहिली गेले फादरकडे. कबुलीच्या खोक्यात गुडघे टेकले आणि जाळीतून म्हटलं, "फादर, माझं एक पाप आहे, ते पुढच्या रविवारी करायचंय. आणि ते तुम्ही करायचंय."

फादर ऐंशीचे. ते जाळीजवळ सरकले. मग म्हणाले, "नोटरीसाहेबांना कळणार नाही ना?"

"एकट्या देवाला कळेल."

"देवाचं काही नाही. नोटरीसाहेबांना कळता कामा नये." आणि कबूल झाले. मी जाळीखालून रक्ताच्या सॉसेजची पुडी सरकवली. प्रायश्चित्त म्हणून समजा.

पण बाहेर आल्यावर वाटलं, फादरचा हात कापतो. पेन्सिल चुकून नावावर गेली तर? म्हणून पोस्टमनला गाठलं. तो दोन्ही बाजूंचा जावई, त्याला सगळ्यांचा राग. तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की माझा विश्वासच उडाला. आमच्या गावात जो पटकन हो म्हणतो तो नक्की काटतो. म्हणून तिसऱ्याला विचारलं. चौथीला विचारलं, आणि मग थांबताच येईना. प्रत्येकाला सांगायचे, "तुम्ही एकटेच हं. बाकी सगळे काटणारच आहेत, तेव्हा काही बिघडत नाही. पण कुणाला बोलू नका, नवऱ्याला नाही, बायकोला नाही." आणि वर एक पुडी.

मास्तर पुजाद दुकानात आले तेव्हा मी शटर अर्धं ओढून घेतलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फिलोमेन, हे तत्त्वात बसत नाही."

"मास्तर, तुमच्या आजोबांचा हात वर होता त्या सभेत. तो तत्त्वात बसला होता?"

मास्तरनी खिडकीतून बाहेर बघितलं. "एकच मत ना?"

"एकच. तुमचं एकट्याचं."

"बरं. आणि ते लसूण घातलेलं आहे ना, त्यातलं दे."

शेवटी, आता लाज सोडलीच होती म्हणून, ऑर्तांसकडेही गेले. मला वाटलं होतं ती गावभर बोंबलेल. पण तिने पिठाचे हात पुसले, इकडेतिकडे बघितलं आणि कानात म्हणाली, "तुझ्या पापाची भरपाई मी करायची, असंच ना? करते. पण मी दिलं हे कुणाला कळलं, तर तुझी सुरी आणि तुझाच गळा." मला तिचा इतका राग आला की मी तिला सगळ्यात बारीक पुडी दिली.

रविवारी फिरमांने रविवारचा कोट घातला. आम्ही गेलो. तो पडद्याआड गेला, मी पडद्याआड गेले. संध्याकाळी सगळे बाकांवर बसलो. खोलीला लसणाचा वास येत होता, पण तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

मास्तरनी पहिला लिफाफा फोडला. नावं वाचली, आणि शेवटी, जरा अडखळून, "बुलेग."

टाळ्या. हशा. फिरमांने उठून टोपी काढली. नेहमीपेक्षा लवकर निघालं म्हणून सगळे खूश.

दुसरा लिफाफा. "...बुलेग."

मी डोळे मिटून घेतले. दोन! झालं माझं काम. आता तिथेच मेले असते तरी हरकत नव्हती. टाळ्या जरा कमी वाजल्या, पण ऑर्तांसने माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावला.

तिसरा. "बुलेग." चौथा. "बुलेग." पाचव्याला कुणी हसलं नाही. दहाव्याला नोटरीने चष्मा काढून पुसला. मास्तरचा आवाज बसत चालला. बाकांवरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले होते. प्रत्येकाच्या तोंडावर एकच भाव. चोराने घरात शिरावं आणि आत सगळं गाव आधीच बसलेलं असावं, तसा. प्रत्येकाने शपथ घेतली होती की कुणाला सांगणार नाही, आणि प्रत्येकाने फक्त एकालाच सांगितलं होतं. फिरमां तेवढा दर "बुलेग"ला उठून टोपी काढत होता, मग दमला आणि टोपी मांडीवरच ठेवून बसला.

शेवटी नोटरीने कागद उचलला आणि घसा खाकरला. "एकूण मतं तीनशे बारा. वरच्या गावाचे निवडून आलेले, पाच. खालच्या गावाचे, पाच. आणि... मसिये फिरमां बुलेग. तीनशे अकरा."

कुणीतरी मागून म्हणालं, "एक कमी आहे."

एक कमी. म्हणजे साऱ्या पेरग्रोलमध्ये एका माणसाने बुलेगला काटलं होतं. आणि मग, देवाशपथ सांगते, सगळी खोली माझ्याकडे वळली. फादर वळले. पोस्टमन वळला. मास्तर तर हातातली चिठ्ठी धरून तसेच बघत राहिले.

"फिलोमेन!" ऑर्तांस उभी राहिली. या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती. तिला खरंच वाईट वाटलं होतं. "अगं, आम्ही सगळ्यांनी दिलं गं! तू हात जोडलेस म्हणून दिलं! आणि तू स्वतः...?"

मी मांडीवरची पिशवी आवळली.   डोळ्यांत पाणी आलं, आणि रागाने आलं की अपमानाने, ते सांगता येत नाही. इतकी सॉसेज वाटून मी माझीच बदनामी पक्की करून घेतली होती.

तेव्हा फिरमां उठला. लोकांना वाटलं, टोपी काढायला. तो म्हणाला, "ती काट माझी आहे."

कुणीतरी हसलं.

"हसू नका. दर वेळी माझीच असते. आणि ते जे एक मत निघायचं ना, ते हिचं."

"तुझं डोकं फिरलंय का?" मास्तर म्हणाले. "स्वतःला कोण काटतं?"

"पहिल्या वेळी लाजेने काटलं. आमच्या घरात आपलं नाव वर करायची पद्धत राहिलेली नाही. मग मोजणीत एक निघालं, आणि मला कळलं ते कुणाचं." तो टोपीची कड बोटांनी फिरवत होता. "पुढच्या वेळी वाटलं होतं, द्यावं स्वतःला. पण दोन निघाली असती, तर तुम्हालाही कळलं असतं. की ही माझ्या बाजूने आहे. मग तुम्ही सॉसेज व्हिलराकहून आणली असती."

एवढं बोलून तो थांबला, आणि वर छताकडे बघायला लागला.

मी वाट बघितली. कुणीतरी म्हणेल, छे छे, फिरमां, आम्ही काय असे आहोत? नोटरीने म्हणावं, मास्तरने म्हणावं, निदान फादरने तरी.  एवढ्या मोठ्या खोलीत एकाच्याही तोंडून "नाही" निघालं नाही.

तेव्हा मला कळलं की त्याचा हिशोब बरोबर होता. इतकी वर्षं माझं दुकान माझ्या लसणामुळे चालतं, असं मी समजत होते. ते चाललं होतं त्याच्या पेन्सिलीवर. मला त्याचा असा काही राग आला, आणि तो इतका माझा वाटला, की मी दोन बाकं ओलांडून गेले, हातातली पिशवी त्याच्या खांद्यावर हाणली आणि मग त्याच कोटात तोंड खुपसून सगळ्या गावासमोर रडले. नोटरीने कागदांकडे बघितलं. पोस्टमन टाळ्या वाजवायला लागला, पण त्याला कुणी साथ दिली नाही, म्हणून थांबला.

पाच आणि पाच. नगराध्यक्ष कोण, हे आता अकराव्याच्या हातात होतं. वरचे खालच्याला होऊ देईनात, खालचे वरच्याला. म्हणून दोघांनी मिळून फिरमांलाच नगराध्यक्षाचा तिरंगी पट्टा बांधला. तोही काटण्याचाच एक प्रकार होता म्हणा. पण ते पुढच्या आठवड्यात.

त्या संध्याकाळी आम्ही घरी चालत निघालो. मुतारीपाशी आल्यावर मी विचारलं, "मला सांगायचं होतंस. एकदा तरी."

"सांगितलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारात उभी राहून गावाला शिव्या दिल्या असत्यास."

"दिल्याच असत्या."

"मग?"

मग काय? काही नाही. बेकरी बंद होती. ऑर्तांसच्या खिडकीतला पडदा जरासा हलला.

"पुढच्या वेळी मी तुला बुलेगते," मी म्हटलं. "चांगली जाड रेघ मारून."

"बुलेग की," फिरमां म्हणाला. त्याने माझी पिशवी आपल्या हातात घेतली. "मग मी देईन स्वतःला. मत एकच निघेल. लोकांना वाटेल, तुझंच."

आणि बेकरीच्या छपरावर त्याला एक सरकलेली पाटी दिसली.